हिऱ्यांचा हार आणि हौसेची किंमत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोपासाँच्या 'हार' या कथेवर आमच्या वाचनकट्ट्यात जितके प्रश्न येतात, तितके दुसऱ्या कुठल्याही परदेशी कथेवर येत नाहीत. सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजी पूरक पुस्तकात ती अनेक वर्षं आहे, त्यामुळे मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात आणि चाळीस वर्षांपूर्वी कधीतरी वाचून विसरलेले लोकही विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह देत आहे. कथेचा शेवट आधी कळू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी कथा वाचून मग इकडे यावं. ती तासाभराच्या आत वाचून होते.

१. ही कथा नेमकी कोणाची आणि कधीची?

गी द मोपासाँ या फ्रेंच लेखकाची. मूळ नाव 'ला पारूर'. १७ फेब्रुवारी १८८४ रोजी पॅरिसच्या 'ल गोल्वा' या दैनिकात ती पहिल्यांदा छापून आली आणि पुढच्या वर्षी संग्रहात गेली. म्हणजे ती मुळात रोजच्या वर्तमानपत्राच्या वाचकासाठी लिहिलेली आहे, आणि त्या वाचकांत कारकुनांची घरंही होती.

२. कथा थोडक्यात सांगाल का?

मातील्द लोअझेल ही शिक्षण खात्यातल्या एका कारकुनाची बायको. (शाळेच्या पुस्तकात तिचं नाव 'मॅटिल्डा' आहे.) दिसायला देखणी, पण हुंडा नाही, ओळखीपाळखी नाहीत, म्हणून आली ती सोयरीक पत्करलेली. एके दिवशी नवरा मोठ्या खटपटीने मंत्र्यांच्या घरच्या मेजवानीचं आमंत्रण मिळवून आणतो. ती कपड्यांसाठी रडते. तो बंदूक घ्यायला बाजूला टाकलेले ४०० फ्रँक तिला पोशाखासाठी देतो. मग दागिन्यांचं रडणं. मादाम फोरेस्तिए या श्रीमंत मैत्रिणीकडून ती हिऱ्यांचा हार उसना आणते. मेजवानीत सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळतात. पहाटे घरी येऊन आरशासमोर उभी राहते, तर गळ्यात हार नाही.

नवराबायको ३६,००० फ्रँकला तसाच दुसरा हार विकत घेऊन परत करतात आणि ते कर्ज फेडण्यात दहा वर्षं जातात. कर्ज फिटल्यावर एका रविवारी मैत्रीण रस्त्यात भेटते. मातील्द तिला सगळं सांगते. तेव्हा कळतं की मूळ हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकांचा.

३. मातील्द खरंच गरीब होती का?

नव्हती. हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, कारण कथा तिच्या डोळ्यांनी घर दाखवते आणि तिच्या डोळ्यांना ते घर दरिद्री दिसतं. घरात कामाला फ्रान्सच्या ब्रिटनी भागातली एक मुलगी होती. नवऱ्याकडे वडिलांनी मागे ठेवलेले १८,००० फ्रँक होते. टेबलावर गरम रस्सा होता, आणि भांड्याचं झाकण उघडून त्याचा वास घेत नवरा मनापासून खूश होत होता. तोच रस्सा समोर असताना ती मात्र चांदीची भांडी, भिंतीवरचे रेशमी पडदे, गुलाबी मासे यांची स्वप्नं बघत होती.

टेबलावरचं कापड तीन दिवसांचं होतं, हेही मोपासाँ सांगतो. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. मातील्दला नेमकं तेच कापड सलतं, आणि नवऱ्याला ते दिसतही नाही. दोघं एकाच टेबलाशी बसलेली असतात.

४. ३६,००० फ्रँक म्हणजे आजचे किती रुपये?

रुपयांत सांगितलेला कुठलाही आकडा फसवा ठरतो, कारण त्या काळी मजुरी स्वस्त होती आणि वस्तू महाग. सोन्यात मात्र सांगता येतं. तेव्हाचा फ्रँक सोन्याशी बांधलेला होता, एका फ्रँकला साधारण ०.२९ ग्रॅम शुद्ध सोनं. या हिशेबाने ३६,००० फ्रँक म्हणजे जवळपास साडेदहा किलो सोनं. खोट्या हाराचे ५०० फ्रँक म्हणजे (दहा ग्रॅमचा तोळा धरला तर) साडेचौदा तोळे, म्हणजे तोही अगदी जत्रेतला माल नव्हता.

पण याहून बोलका हिशेब पगाराचा आहे. मोपासाँच्याच दुसऱ्या एका कथेतल्या (प्रश्न ११ पाहा) वरच्या कारकुनाचा पगार वर्षाला ३,५०० फ्रँक आहे. म्हणजे हाराची किंमत अशा माणसाच्या दहा वर्षांच्या पगाराहून जास्त झाली.

आता नवऱ्याच्या रात्रींकडे बघा. संध्याकाळी तो एका व्यापाऱ्याच्या वह्या लिहायचा आणि रात्री पानामागे ५ सू घेऊन मजकुराच्या नकला उतरवायचा. २० सूंचा एक फ्रँक, म्हणजे चार पानांना एक फ्रँक. वडिलांचे १८,००० गेल्यावर उरलेले १८,००० कर्जाचे. ते नुसते नकलांवर फेडायचे म्हटले, तर ७२,००० पानं लिहावी लागतील. दहा वर्षांत एकही रात्र न चुकवता रोज वीस पानं, तीही व्याज न धरता. मी एकदा शाईच्या पेनाने वीस पानं उतरवून पाहायला बसले होते. सातव्या पानाला मनगट भरून आलं.

५. हार हरवला तेव्हा मैत्रिणीला सरळ सांगितलं का नाही? तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं.

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते कथेचा गाभाही इथेच आहे. "हौस केली म्हणून शिक्षा झाली" असं म्हणून लोक पुढे जातात. पण हौसेपायी झालेला खर्च एका पोशाखाचा होता, ४०० फ्रँक. उरलेली दहा वर्षं गेली ती "हरवला" हा एक शब्द तोंडातून निघाला नाही म्हणून.

तो का निघाला नाही, याची तयारी कथेत आधीपासून आहे. ही मैत्रीण कॉन्व्हेंटमधली, बरोबरीने शिकलेली. ती पुढे श्रीमंत घरात पडली आणि मातील्दने तिच्याकडे जाणंच सोडलं होतं, कारण तिथून परत आलं की दिवसच्या दिवस रडण्यात जायचे. जिच्यासमोर आपण कमी ठरतो अशी भावना आधीच मनात घर करून बसली आहे, तिच्याच दारात "तुझा हार मी घालवला" म्हणून उभं राहायचं! ज्याला हे जमेल असं वाटतं, त्याने कधी श्रीमंत नातेवाइकाकडून काही उसनं आणलेलं नसावं.

मेजवानीहून निघतानाचा प्रसंग पुन्हा वाचा. नवरा तिच्या खांद्यांवर तिचे रोजचे साधे कपडे टाकतो आणि ती पळ काढते, कारण आजूबाजूच्या बायका फरचे कोट चढवत आहेत आणि त्यांना आपलं ते पांघरूण दिसू नये. नवरा म्हणतो थांब, गाडी बोलावतो. ती ऐकत नाही, जिना उतरून रस्त्यावर येते. हार कुठे पडला हे कथा सांगत नाही. तो या घाईत पडला असावा असं मला वाटतं. हार परत देतानाचं गप्प राहणंही याच घाईचं भावंड. दोन्हीकडे भीती एकच: आपलं खरं काय आहे ते कोणाला दिसू नये.

माझ्या आईने एकदा माझ्या मावशीच्या लग्नात शेजारच्या काकूंचा तन्मणी घातला होता. पंगतीच्या गडबडीत सर तुटला आणि मोती जमिनीवर सांडले. आम्ही पोरं गुडघ्यांवर बसून सतरंजीखालून मोती वेचत होतो. दोन मोती काही सापडले नाहीत. आई त्याच रात्री, नऊवारी न बदलता, रुमालात मोती बांधून काकूंच्या दारात गेली. काकूंचा चेहरा पडला, त्या काही बोलल्या नाहीत, आणि पुढे बरेच दिवस दोघींत अंतर राहिलं. ती रात्र आईला फार जड गेली, हे मी पाहिलं आहे. पण ती एकच रात्र होती.

६. मग चूक एकट्या मातील्दचीच ना?

नाही. मैत्रिणीला चिठ्ठी पाठवून "हाराचा आकडा तुटलाय, दुरुस्तीला टाकलाय" असं कळवायची कल्पना नवऱ्याची आहे. तो सांगतो आणि ती लिहून घेते. वर्गात हे विचारलं की दहातली नऊ मुलं "मातील्दने थाप मारली" म्हणतात, म्हणून मूळ मजकूर उघडून दाखवावा लागतो. नवरा भला माणूस आहे. त्याच पहाटे पायी फिरून तो सगळा रस्ता धुंडाळतो, पोलिसांकडे जातो, वर्तमानपत्रांत जातो, भाड्याच्या गाड्यांच्या कंपन्यांत जातो. एवढं करतो, फक्त मैत्रिणीकडे तेवढा जात नाही. झाकून नेण्याची गरज बायकोइतकीच त्यालाही आहे.

७. हार खोटा असल्याची चाहूल कथेत आधी लागते का?

लागते. पेटीवरच्या नावावरून नवराबायको ज्या सराफाकडे जातात, तो वह्या चाळून सांगतो की हार मी विकला नाही, पेटी तेवढी माझी. पहिल्या वाचनात हे वाक्य सरकून जातं. शिवाय मातील्द हार मागते तेव्हा मैत्रीण आढेवेढे न घेता लगेच देते. हिऱ्यांचा खरा हार कोणी इतका सहज देईल का, हा विचार मातील्दला शिवत नाही, कारण तिच्या कल्पनेतल्या श्रीमंतांच्या घरी सगळं खरंच असतं.

८. बदललेला हार मैत्रिणीच्या लक्षात कसा आला नाही?

तिने पेटी उघडूनच पाहिली नाही. मातील्दला त्या क्षणी धास्ती हीच होती की ती उघडेल, फरक ओळखेल आणि आपल्याला चोर ठरवेल. मैत्रिणीने फक्त जरा तुटकपणे सुनावलं की लवकर आणायला हवा होता, मला लागला असता तर? एरवी हे बोलणं अगदी साधं आहे. पण ज्यांनी त्यासाठी आयुष्य गहाण टाकलं, त्यांना ते उभ्या उभ्या ऐकून घ्यावं लागलं.

९. दहा वर्षांनी मातील्द सुधारली, असं म्हणायचं का?

"सुधारली" हा शब्द मला पटत नाही. बदलली, हे खरं. मोलकरीण काढली, घर सोडून माळ्यावरच्या खोलीत राहायला गेले. गुलाबी नखांचे हात तेलकट भांडी घासून खराब झाले. सकाळी घाण खाली न्यायची, पाणी वर आणायचं, प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबायचं. हातात टोपली घेऊन फळवाल्याकडे, वाण्याकडे, खाटकाकडे एकेका सूसाठी घासाघीस करायची, वर त्यांची बोलणी खायची. मोपासाँने हा भाग जेमतेम पानभर लिहिला आहे. पण आख्ख्या कथेत मला सगळ्यांत आदर वाटतो तो या पानाबद्दल. कुठेही ती नशिबाला दोष देत बसत नाही. ठरवलं आणि निभावलं.

आणि तरीही नवरा कचेरीत गेला की ती कधीकधी खिडकीशी बसते आणि त्या एका रात्रीची आठवण काढते, जेव्हा ती इतकी सुंदर दिसली होती. लेखक त्याला पाप म्हणत नाही. मीही म्हणणार नाही.

१०. कारकुनाच्या घरातलं मोपासाँला इतकं बारीक कसं माहीत?

तो स्वतः कारकून होता. आधी नौदल खात्यात, मग १८७८ पासून शिक्षण खात्यात. म्हणजे मातील्दचा नवरा ज्या खात्यात आहे तिथेच. १८८० मध्ये कथालेखक म्हणून नाव झाल्यावर त्याने नोकरी सोडली.

११. दागिने खरे निघतात अशीही मोपासाँची कथा आहे म्हणे?

आहे. 'दागिने' या अर्थाच्या नावाची, १८८३ ची, म्हणजे 'हार'च्या एक वर्ष आधीची. लांतँ नावाच्या कारकुनाच्या बायकोला दोनच नाद असतात, नाटकाला जायचा आणि खोटे दागिने घ्यायचा. ती अचानक वारते. तंगी येते म्हणून तो दागिने विकायला काढतो, तर सराफ सांगतो की खरे आहेत. मग हे आले कुठून, कोणी दिले? उत्तर लांतँला कळतं आणि तो ते गिळून पैसे घेतो. एकूण १,९६,००० फ्रँक.

दोन्ही कथा लागोपाठ वाचाव्यात. 'हार'मध्ये खोट्याला खरं मानून प्रामाणिक माणसं झिजतात. 'दागिने'मध्ये खऱ्याला खोटं मानून एक माणूस सुखाने जगतो, आणि खरं कळल्यावर त्याची किंमत मोजून घेतो. मला दुसरी कथा जास्त काळी वाटते.

१२. 'मादाम बोव्हारी' हीसुद्धा याच जातीची कादंबरी का?

जवळची, पण जास्त निर्दय. लेखक गुस्ताव्ह फ्लोबेर हा मोपासाँचा गुरू. कादंबरी १८५६ मध्ये नियतकालिकातून आली, १८५७ मध्ये तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि लेखक निर्दोष सुटला.

एमा ही खेड्यातल्या डॉक्टरची बायको. तिलाही एक रात्र मिळते. एका सरदाराच्या वाड्यावरच्या नाचाला ती जाते आणि परत आल्यावर ती रात्र विसरू शकत नाही. नाचात घातलेले साटिनचे बूट ती कपाटात जपून ठेवते. त्यांचे तळवे जमिनीवरच्या मेणाने पिवळे पडलेले असतात. श्रीमंतीला घासून आल्यामुळे तिच्या मनालाही तसाच न पुसला जाणारा डाग लागला, असं फ्लोबेर लिहितो. चैनीच्या ओढीचं याहून नेमकं चित्र मी वाचलेलं नाही.

फरक सावकारीत आहे. लोअझेल दांपत्य सावकाराकडे जातं ते हार घ्यायला, एकदाच, डोळे उघडे ठेवून. एमाच्या दारात कापडदुकानदार लरो स्वतः येतो. पैशांची घाई नाही म्हणतो, शाली आणि कापडं ठेवून जातो. मग वचनचिठ्ठी, मग ती फिरवून नवी चिठ्ठी, मग नवऱ्याच्या नावाने व्यवहार करण्याचं अधिकारपत्र. शेवटी कोर्टाचा ८,००० फ्रँकांचा हुकूमनामा येतो आणि घरातल्या सामानाची यादी करायला माणसं येतात. एमा सोमल हे विष खाऊन मरते. नवरा खचून मरतो. मुलगी बेर्त शेवटी नात्यातल्या एका बाईकडे जाते आणि ती तिला सूतगिरणीत कामाला पाठवते. हौस आईची होती, पण फेड मुलीच्या वाट्याला आली.

१३. असं भारतीय साहित्यात काही आहे का?

प्रेमचंदांची 'ग़बन' ही कादंबरी, १९३१ ची. जालपाला लहानपणापासून चंद्रहाराची आस असते आणि लग्नात नेमका तोच येत नाही. नवरा रमानाथ तिच्यापुढे घरच्या श्रीमंतीच्या बाता मारतो, सराफाकडून उधारीवर दागिने आणतो, फेडता येत नाही म्हणून कचेरीच्या पैशांना हात लावतो आणि कलकत्त्याला पळून जातो.

मराठी वाचकाला ही कादंबरी पॅरिसपेक्षा जवळची वाटेल. उधारीवर दागिने देणारा सराफ, सुनेच्या अंगावर काय घातलं याची चारचौघांत होणारी चर्चा, हे आपल्या ओळखीचं आहे. आणि प्रश्न ५ मध्ये जे म्हटलं तेच इथेही: रमानाथ पहिल्याच दिवशी "घरात पैसे नाहीत" म्हणाला असता, तर जालपा ऐकणारी होती. नवऱ्याची खरी स्थिती कळल्यावर ती दागिने विकून पैसे भरते आणि त्याच्या शोधात निघते.

१४. मुलांना "अंथरूण पाहून पाय पसरावेत" हे तात्पर्य सांगितलं तर चालेल का?

परीक्षेत गुण मिळतील. पण एवढ्यावर थांबू नका, असं मी कळकळीने सांगेन. या तात्पर्यात एक कारकून, त्याची बायको आणि त्यांची हौस एवढंच येतं. हुंडा नाही म्हणून मुलीला आलं ते स्थळ पत्करायला लावणारी व्यवस्था त्यात येत नाही. देखणेपणाशिवाय वर चढायची दुसरी शिडी बायकांना नव्हती, हे मोपासाँ पहिल्याच पानावर सांगतो, तेही सुटतं. शिवाय पंधरा वर्षांच्या मुलीला छान दिसायची इच्छा असणं हा गुन्हा आहे, असा संदेश जातो. त्यापेक्षा एकच विचारा: "तुझ्या हातून मैत्रिणीची वस्तू हरवली तर तू तिला कधी सांगशील?" मुलं खूप वेळ गप्प बसतात आणि मग खरं बोलतात.

१५. शेवटी मातील्दला पैसे परत मिळाले का? खरा हार तर मैत्रिणीकडेच होता.

कथा तिथपर्यंत जातच नाही. पॅरिसच्या शाँझेलिझे या रस्त्यावर मैत्रीण एका मुलाला फिरवत असते, अजून तरुण, अजून सुंदर. मातील्द तिला नावाने हाक मारते, पण ती ओळखत नाही. एखाद्या कामवाल्या बाईने एकेरी हाक मारावी, तसा तिचा चेहरा होतो. मग ओळख पटते, मग सगळी हकीकत. तुला हाराचा फरक कळला नव्हता ना, म्हणत मातील्द हसते, आणि त्या हसण्यात अभिमान असतो, भाबडा आणि खरा. पहिल्या पानावर ती दुसऱ्याच्या हिऱ्यांसाठी झुरत होती. इथे तिला पहिल्यांदा स्वतःच्या कष्टाचा अभिमान वाटतो आहे. मैत्रीण कळवळून तिचे दोन्ही हात हातात घेते आणि हार खोटा होता ते सांगते.

मातील्द यावर काय म्हणाली, हे मोपासाँने लिहिलेलं नाही. घासून खरबरीत झालेले ते हात मैत्रिणीच्या हातांत असतानाच कथा संपते.